डबा उघडा राहिला

‘आज पमीन काय रांधल्यान?’ असं माझे बाबा दुपारी पानावर बसता बसता विचारायचे. पमीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. पण तिच्या घरी आज कुळथाची पिठी झाली की सुका बांगडा भाजला हे कळल्याशिवाय बाबांचा पहिला घास तोंडात जात नसे. आई पेजेचं भांडं जरा जोरातच खाली ठेवायची आणि म्हणायची, ‘पमीन काय रांधल्यान ता मगे इचारा. बायलेन काय रांधल्यान ता ताटात आसा, ता आधी बघा.’ बाबा ताटात बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा माझ्याकडे वळून हळूच, ‘सांग गो, बाय.’

मी सांगायचे. दिवसभर मला दुसरं कोणी काही विचारत नसे हेही खरं. पदवी हातात घेऊन मी घरी बसले होते. भाताचं एक पीक काढायचं, काजूच्या बागेतल्या बिया गोळा करायच्या, आणि उरलेल्या वेळात सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. ती परीक्षा पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. पुढे ढकलणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही, याचा राग मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. परीक्षेच्या सरावासाठी काढलेल्या मोबाइलवरच्या ग्रुपात शेकडो मुलंमुली होती. कंटाळून एकेक गळत गेलं आणि शेवटी आम्ही चौघंच उरलो. प्रश्नपत्रिका संपल्या, पण आम्ही काही उठलो नाही. कोणीतरी ग्रुपाचं नाव बदलून ‘आज काय केलंत’ असं ठेवलं.

मी आज बत्तीस वर्षांची आहे. आत्मकथन केस पिकल्यावर लिहायचं असतं, असं मला दोघातिघांनी ऐकवलं. का म्हणून? तोवर माणूस निम्मं विसरतो आणि उरलेलं गोड करून लिहितो. मला गोड करायचं नाही. या प्रकरणात चूक माझी आहे. ती मी स्वतः सांगते आहे, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी.

तर आम्ही चौघं. सावंतवाडीचा दादू, याच्या घरी लाकडी खेळणी करतात. तो सकाळपासून लाकडी केळ्यांना पिवळा रंग देत बसायचा आणि मधे मधे बोटं पुसून ग्रुपात लिहायचा. एकदा भर पौषात त्याने ताटलीत कापलेल्या हापूसचा फोटो टाकला. आम्ही तिघी हळहळलो, बाबांनी तर ‘खंय गावलो ह्येका?’ म्हणून दोनदा विचारलं. संध्याकाळी दादूने त्याच आंब्यावर खिळा ठोकतानाचा फोटो टाकला. दुसऱ्या अनघाताई. देवगडकडच्या एका देवळाच्या गावात त्या शाळेत शिकवायच्या. वयाने आमच्याहून मोठ्या, लग्न झालेल्या, आणि लिहितानाही जणू फळ्यावर लिहावं तसं शुद्ध लिहायच्या. आणि पमी. ती एका काजू कारखान्यात बिया फोडायला जायची. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, अकरा बाया, आणि पायाने दाबायची यंत्रं. कारखाना कुठला ते विचारू नका. ते मी तेव्हाही सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

आमच्या ग्रुपात एक नियम होता, कोणी घालून न देता पडलेला: स्वतःचा फोटो टाकायचा नाही, ताटाचा टाकायचा. त्यामुळे मला पमीच्या भाकरीची कड कुठे करपते ते माहीत होतं, तिचं तोंड कसं आहे ते माहीत नव्हतं.

मला तिघंही ‘पत्रक’ म्हणत. याला कारण होतं. मी त्या काळात आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संघटनेत काम करायचे आणि संघटनेची पत्रकं मीच लिहायचे. सवय अशी लागली होती की साधं बोलतानाही तोंडातून निषेधच बाहेर पडायचा. जुने संदेश मी जपून ठेवले आहेत. त्यातला हा एक बघा.

मी लिहिलं होतं, ‘तळेऱ्याची गाडी आजही चाळीस मिनिटं उशिरा. प्रवाशांच्या सहनशीलतेचा हा उघड अपमान आहे.’

दादू: ‘जेवलंस काय?’

मी: ‘प्रश्न जेवणाचा नाही.’

पमी: ‘मगे उपाशी आसा ती. म्हणान रागावता. पत्रका, चार घास खा आणि मगे अपमान करून घे.’

अनघाताई: ‘सहनशीलता हा शब्द चांगला वापरलास. आता भाजी कुठली ते सांग.’

मी चिडायचे. फोन पडवीच्या कठड्यावर उपडा ठेवायचे, कारण रेंज तिथेच यायची. घरापुढच्या खळ्यात आईची केरसुणी चाललेली असे, लांबून नांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीची शिटी यायची, आणि पाच मिनिटांनी मीच फोन सुलटा करून लिहायचे, ‘तोंडली.’

पमीच्या डब्याची गंमत मी आता सांगते, कारण पुढचं सगळं त्या डब्यातूनच निघालं. पावसाळ्यात आमच्याकडे फणसाच्या आठळ्या खातात हे काही नवीन नाही. पण पमी ती उकडलेली आठळी सोलून, मधोमध कापून, वर मीठ आणि मिरपूड टाकून डब्यात न्यायची आणि तिला अंडं म्हणायची. ‘आज डब्यात भाकरी, लोणचा आणि दोन अंडी.’ हा विनोद तिच्या वडिलांचा. ती लहान असताना घरात कोंबडी नव्हती, आणि शेजारच्या पोरांच्या डब्यात अंडं बघून ती रडली होती. वडिलांनी दुसऱ्या दिवशी आठळी कापून दिली आणि बजावलं, ‘ह्या अंडा झाडार लागता. ह्येका कोंबडी लागणा नाय. तू तेंच्यापेक्षा श्रीमंत.’ ही गोष्ट तिने आम्हांला एका दुपारी, असंच, बोलता बोलता सांगितली होती. मी ती बाबांना सांगितली. बाबा त्या दिवसापासून आमच्याकडच्या आठळ्यांनाही अंडी म्हणायला लागले आणि आईने कपाळाला हात लावला.

आषाढातल्या एका दुपारी पमीने लिहिलं, ‘आज माझी कडीची पाळी होती.’

‘कडीची?’ अनघाताईंनी विचारलं.

‘आमच्या संडासाच्या दाराक कडी नाय. एक आत गेली की दुसरी भायर दाराक पाठ लावन उभी. आज मी दिसभर कडी होतंय. पाठ अशी सपाट झाली की तेच्यार भाकरी थापूक येयत.’

दादू: ‘कडी पितळेची काय लोखंडाची?’

पमी: ‘गंजलेली. करकरता.’

अनघाताई: ‘तेल घाला गं कडीला.’

असं अर्धा तास चाललं. तिघंही हसत होती. मी हसले नाही. माझं डोकं तापलं. अकरा बाया, दिवसभर काम, बियांच्या टरफलातल्या तेलाने हातांची कातडी सोलवटलेली, आणि मालकाला एक कडी बसवायला होत नाही! मी म्हणते, यावर हसायचं कसं? आजही मला हसू येत नाही. आमच्या संघटनेतले एक जुने कार्यकर्ते मला शिकवायचे, ‘विशेषणं फुकट मिळतात, म्हणून ती कोणी वाचत नाही. पत्रकात एक तरी तपशील असा टाक की तो वाचणाऱ्याच्या घशात अडकला पाहिजे.’ तो तपशील माझ्याकडे होता.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. पमीचं नाव घातलं नाही, गाव घातलं नाही, कारखाना घातला नाही. मी काही मूर्ख नव्हते. काजूच्या शेडींत काम करणाऱ्या सगळ्या बायांविषयी लिहिलं, हातांविषयी लिहिलं, कडीविषयी लिहिलं, आणि शेवटी हे वाक्य: ‘तुमच्या काजू बर्फीची गोडी ज्या हातांतून येते, त्या हातांच्या डब्यात अंडं नसतं, तिथे आठळी कापून, वर मीठ-मिरपूड टाकून, तिलाच अंडं म्हणतात.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी पडवीत दोन फेऱ्या मारल्या, इतकं मला ते आवडलं होतं. आठवड्याच्या बाजारात आम्ही ते वाटलं. लोकांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. त्या वाक्याखाली कोणी कोणी पेनाने रेघ मारली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपात एक ओळ दिसली. पमी ग्रुप सोडून गेली.

मला वाटलं चुकून बोट लागलं असेल. तिला फोन केला, तिने उचलला नाही. तेवढ्यात अनघाताईंचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो शाळेतल्यासारखा खणखणीत असेल असं मला वाटायचं, पण निघाला अगदी मऊ, आणि त्यामुळेच जास्त लागला. ‘हे बघ,’ त्या म्हणाल्या, ‘पमीशी आत्ताच बोलले. मालकाची बायको दुपारी बायांबरोबरच जेवायला बसते. पमीचं अंडं तिने शंभरदा ऐकलंय. तिने पत्रक वाचलं आणि पमीला सांगितलं, आठ दिवस येऊ नकोस, मग बघू. तू नाव झाकलंस, गाव झाकलंस, कारखाना झाकलास. डबा तेवढा उघडा ठेवलास.’

मी काहीतरी बोलायला गेले की ही कारवाई बेकायदेशीर आहे. अनघाताई म्हणाल्या, ‘असेल. पण ती गोष्ट तिने तुला जेवताना सांगितली होती.’

मी आत आले. ताटं वाढलेली होती. बाबा बसता बसता म्हणाले, ‘आज पमीन काय रांधल्यान?’

मी ताट पुढे ओढलं.

‘आजारी आसा काय ती?’

‘नाही.’

‘मगे?’

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कोणी सांगावं लागत नाही. ‘काय केलंस गो?’ असं तिने इतक्या हळू विचारलं की मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि आठळ्यांची वाटी हाताने बाजूला सारली. माझ्यावर ओरडले असते तर मी भांडले असते. ते फक्त म्हणाले, ‘तो इनोद तिच्या बापाशीचो होतो, बाय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. आईने पिशवीत कोकमाची सोलं भरली. ‘रिकाम्या हातान जाव नको. आणि थंय जावन भाषण करू नको.’ तळेऱ्याला गाडी बदलली. गाडी उशिराच आली, पण त्या दिवशी मला निषेध सुचला नाही. रात्रभर जागून मी माफीचं पत्र लिहिलं होतं, दोन पानं, ते पुन्हा पुन्हा वाचत बसले.

पमीचं घर विचारत विचारत सापडलं. खळ्यात एक बारीकशी बाई पोफळीच्या विरीने, म्हणजे पानाच्या रुंद वाळक्या देठाने, पाणी लोटत होती. हीच का ते मला कळेना. मग तिची बोटं दिसली, टोकांना काळी, जागोजागी सालं निघालेली. तिनेही मान वर केली. पिशवी बघितली, माझे चिखलाने भरलेले पाय बघितले आणि म्हणाली, ‘पत्रक इला वाटता.’

मी पत्र पुढे केलं. तिने हात पदराला पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं, दोन्ही पानं. मग म्हणाली, ‘ह्या माफीपत्रात तीन मागण्यो आसत.’

‘कुठे?’

‘ह्यो बघ. पमीला तात्काळ कामावर घ्यावं. कडी बसवावी. आणि पमीने मला माफ करावं.’ तिने पान माझ्यासमोर धरलं. ‘आकडे पण घातलंस. एक, दोन, तीन. शेवटाक निषेध करूचो रवलो काय?’

मला रडू आलं आणि हसूही आलं. ती मात्र हसली नव्हती. तिने मला आत नेऊन पेज वाढली, वर खोबऱ्याची चटणी. आतल्या खोलीत तिची सासू खोकत होती, छोटी मुलगी दारामागून मला बघत होती. मी चार घास गिळले तेव्हा पमी बोलली. ‘कामाचा बघूया. माका दोन हात आसत, दुसरीकडे बिया फोडीन. पण बापूस गेलो तेका सात वर्सां झाली. तेच्या मागे माझ्याकडे तेचा ता अंडाच एक उरला. ता मी तुमका तिघांका दिलंय. बाजाराक नाय दिलंय.’

मी म्हटलं, ‘मी मालकाकडे जाते. आत्ताच्या आत्ता.’

‘जाव नको.’

‘मग संघटनेकडून निवेदन देते.’

‘देव नको.’

‘मग मी करू तरी काय?’

‘कायएक करू नको,’ पमी म्हणाली. ‘जमतला तुका?’

आयुष्यात मी रस्ता अडवला आहे, उपोषण केलं आहे, कचेरीच्या पायऱ्यांवर ऊन अंगावर घेत बसले आहे. पण त्यानंतरचे पाच दिवस काहीएक न करण्याइतकं कठीण काम मला कोणी दिलेलं नाही. पत्रकाचे उरलेले गठ्ठे आईने चुलीला लावले. मी बघत राहिले.

पुढचं मला पमीकडूनच कळलं. शेडीतल्या बायांत सगळ्यांत वयस्कर शेवंताबाय. तिने कोणाला काय सांगितलं माहीत नाही, पण पमीला घरी बसवल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी बायांनी डबे उघडले, तर डब्याडब्यात आठळ्या. मधोमध कापलेल्या, वर मीठ आणि मिरपूड. एकीने घाईत करपवल्या होत्या, त्याही आणल्या. एकीचा उपास होता. तिने साबुदाण्याच्या खिचडीवर एक आठळी ठेवून आणली, खाण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. मालकाची बायको जेवायला बसली आणि इकडून तिकडे बघत राहिली.

‘आज आठळ्यांचो सण आसा काय गो?’

शेवंताबाय म्हणाली, ‘सण खंयचो, वयनीनू. अंडी आसत ती. घराघरात आसत. आता कोणाकोणाक घरी बसवतलास?’

वहिनी म्हणे बराच वेळ नुसती भात कालवत राहिली. मग हात पुढे करून तिने शेवंताबायच्या डब्यातलं एक अंडं उचललं, खाल्लं, आणि म्हणाली, ‘मिरपूड जास्त झाली.’ दुसऱ्या दिवशी पमीला निरोप आला.

आणि कडी बसली. हो, बसली. मालकाने स्वतः माणूस बोलावून बसवली. बाहेरून. कारण काय, तर रात्री कुत्री आत शिरतात. हे पमीने ज्या दुपारी लिहिलं, त्याच दुपारी ती ग्रुपात परत आली होती. तिची पहिली ओळ अशी: ‘कडी गावली. आता कुत्र्यांची अब्रू सुरक्षित आसा.’ मी ताडकन उठले. बोटं शिवशिवत होती. दादूने लिहिलं, ‘पत्रका, खाली बस.’ मी बसले. चार दिवसांनी एसटीच्या पार्सलने पमीच्या पत्त्यावर एक पुडकं गेलं. आत दादूने केलेली लाकडी कडी, लाल-पिवळ्या लाखेने रंगवलेली, खेळण्यासारखी चकचकीत, आणि चार स्क्रू. बायांनी ती जेवणाच्या सुट्टीत दाराला आतून लावली. वहिनी बघायला आली आणि तिने विचारलं, ‘अशी एक आमच्या देवघराक गावतली काय?’

पत्रकं फुकट जातात असं मात्र कोणी यातून काढू नये. मी अजून लिहिते, आणि त्या भागातल्या दोन शेडींत त्या पत्रकानंतरच हातमोजे आले. मी चुकले ते लिहिण्यात नाही. कोणी जेवताना आपल्यापुढे डबा सरकवला, तर तो बाजारात नेऊन मांडायचा नसतो, इतकी साधी गोष्ट मला बाविसाव्या वर्षी कळत नव्हती.

ग्रुपात परत येताना पमीने मला एक शिक्षा दिली होती. अकरा बाया, म्हणून अकरा दिवस, रोज फक्त काय खाल्लं ते लिहायचं. मत नाही, विशेषण नाही, मागणी नाही. पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘डाळ-भात. डाळीचे भाव बघता...’ तिने लगेच लिहिलं, ‘पहिलो दिवस बाद. परत एकपासून.’ असं करत माझे अकरा दिवस भरायला दीड महिना लागला. बाबा मोजत होते.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी पमीला फोनवर वाचून दाखवलं. तिच्या परवानगीशिवाय एक ओळ छापायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि तिने एकच अट घातली, तिला कोणी ओळखता कामा नये. ती मी पाळली आहे. नाव बदललं आहे. गाव, कारखाना सांगितलेला नाही. आणि या खेपेला डबाही झाकला आहे. आठळीचं अंडं पमीच्या डब्यात कधीच नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला खरोखर काय दिलं होतं आणि त्याला ते काय म्हणायचे, ते वेगळंच आहे. त्याच्या जागी बसेल असा पदार्थ शोधायला आम्ही दोघी एक अख्खी दुपार फोनवर बसलो होतो, आणि माझी प्रत्येक सूचना तिने हसून उडवून लावली. शेवटी तीच म्हणाली, ‘आठळी घाल. आठळ्यो सगळ्यांच्याच घरात. कोण कोणाक वळाखतला?’

बदललेलं पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘बरां लिहिलंस. बापाशीक चलला असता.’ आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, ‘आता सांग, आज काय रांधलंस?’

मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.